धवलारणीचा हात

गोदूबाईच्या हातची हळद चढते, असं पनवेलच्या कोळीवाड्यापासून उलव्यापर्यंत म्हणायचे. म्हणायचे. आता म्हणत नाहीत, आणि का म्हणत नाहीत तेच सांगायचं आहे.

आमच्याकडच्या आगरी-कोळी लग्नात भटजीच्या आधी धवलारणीचा मान. मांडव घातला की ती येते, पाटावर बसते आणि धवले गायला लागते. गावदेवीला बोलावते, खाडीला बोलावते, गेलेल्या सासू-सासऱ्यांना नावानिशी हाका मारते, की या, तुमच्या नातीचं लग्न हाय. आणि गाता गाताच पहिली हळद लावते. तोवर नवरीच्या सख्ख्या आईनेही हळदीच्या ताटाला हात लावायचा नसतो. गोदूबाईला हे सगळं सासूने शिकवलं. लिहिलेलं काही नाही, सगळं तोंडात आणि हातात. त्याचं मोल म्हणजे एक लुगडं, एक नारळ, आणि मांडवातून जाताना थोरामोठ्यांनी पाया पडायचं, एवढंच. पण ते एवढंच गोदूबाईला पुरायचं.

पोट भरायचं ते मासळीवर. नवरा धर्मराज खाडीत जायचा, आता गुडघे गेले म्हणून घरी जाळी विणतो. गोदूबाई पहाटे बंदरावरून माल उचलायची आणि बाजारात पाटी मांडून बसायची. जिभेने तिखट, पण कापून द्यायला हात असा सफाईदार, की गिऱ्हाईक चार शिव्या खाऊन परत तिच्याकडेच यायचं.

आणि नेमकं दुखणं आलं ते हातालाच. आधी कोपराला पांढरट पापुद्रे धरले. तिला वाटलं, खारं पाणी लागलं असेल. मग केसांत, मग पाठीवर, आणि मग दोन्ही तळहातांवर. कातडी जाड व्हायची, तडकायची, भेगांतून रक्त यायचं. त्या भेगांत बर्फाचं खारं पाणी शिरलं की गोदूबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं, पण पाटीवर बसून रडणारी बाई मासळी विकू शकत नाही. नव्या टॉवरांतल्या बाया यायच्या, कोलंबीकडे बघायच्या, हातांकडे बघायच्या आणि शेजारच्या पाटीवर जायच्या. बाजारातल्या बायकाही काही कमी नव्हत्या. मासळीची खवलं काढता काढता गोदूलाच खवलं आली, म्हणायच्या. ती पण हसायची, काय करणार? हसली नसती तर बोलणं वाढलं असतं.

आता कुणी म्हणेल, डॉक्टरकडे का नाही गेली? अहो, गेली तर. पनवेलमध्ये कातडीचे डॉक्टर नाहीत असं म्हणणाऱ्याला उभा करून पाट्या वाचायला लावाव्यात. जिकडे बघावं तिकडे गोऱ्या गालाच्या पोरींचे फोटो. केस उगवून मिळतील, मुरुम घालवून मिळतील, लग्नाआधी चेहरा चमकवून मिळेल. अशाच एका चमकत्या दवाखान्यात गोदूबाई धुतलेलं लुगडं नेसून गेली. काउंटरवरच्या पोरीने नंबर ॲपवरून घ्यावा लागतो म्हणून सांगितलं. मग शेजारी बसलेल्या बाईने पर्स उचलून मांडीवर घेतली तेव्हा त्याच पोरीने गोदूबाईला जरा बाहेरच्या बाकड्यावर बसायला सांगितलं. बाकड्यावर ऊन होतं. आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी टेबलापलीकडूनच हात बघितला, सोरायसिस आहे म्हणाल्या, आयुष्यभर राहणार म्हणाल्या, आणि जे लिहून दिलं ते मेडिकलवाल्याने मोजून सांगितल्यावर गोदूबाईने चिठ्ठी घडी करून ब्लाउजात ठेवली. ती तिथेच भिजून गेली.

मग त्याच मेडिकलवाल्याने मायेने एक ट्यूब दिली. आणि लागू पडली की हो! हात आठवड्यात गुळगुळीत. गोदूबाईने त्या वर्षी सगळे मांडव त्या ट्यूबवर काढले. लग्नसराई आली की ट्यूब, संपली की ट्यूब बंद. मग एका पावसाळ्यात ट्यूब थांबवल्यावर अंग असं पेटलं, की हात, पाठ, मांड्या, सगळं लालेलाल, अंगावर चादर सहन होईना. ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं, ते उलटलं. हे तिला सांगितलं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने, आणि सांगताना तो तिच्यावरच खेकसला, की असलं काहीबाही का लावता? जणू तिच्या दारात डॉक्टर रांग लावून उभे होते आणि तिने त्यांना हाकलून ट्यूब आणली होती.

पण त्या खेकसणाऱ्याचं भलं होवो, तो खरा डॉक्टर होता. आठवड्यातून एक दिवस यायचा. त्याने गोळ्या दिल्या, आठवड्यातून एकदाच घ्यायच्या, आणि दर महिन्याला रक्त तपासायचं, कारण गोळी यकृताला जड. महागडी नाही, चमकदार नाही, साधी पिवळी गोळी. आणि त्या गोळीने गोदूबाईचे तळहात खरोखर मऊ पडायला लागले. भेगा भरल्या. एका बारशाला कुणी तिच्या हातात पोर दिलं आणि काढून घेतलं नाही, तर ती घरी येऊन धर्मराजला ते दोनदा सांगत बसली.

मग डॉक्टरची बदली झाली. जागा रिकामी. रक्त तपासायचं मशीनही बंद पडलं, ते कधी सुरू होईल हे विचारलं तर खिडकीतली बाई म्हणायची, वरून यायचंय. वरून पाऊस येतो बाई, मशीन कुठलं येतंय? रक्ताचा रिपोर्ट नाही म्हणून दुसरा कुणी डॉक्टर गोळी लिहून देईना. मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात जा म्हणाले. तिथेही गेली ती. बाजार बुडवून, मध्यरात्री डबा करून. दर खेपेला नवा पोरगा डॉक्टर, दर खेपेला पहिल्यापासून पाढा, आणि शेवटी पनवेललाच दाखवा, तिकडे सोय आहे, असं लिहिलेला कागद. तळहात परत तडकले. त्यानंतर मांडवाची बोलावणी कमी व्हायला लागली. कुणी तोंडावर काही बोललं नाही. कुणी म्हणे पोरांना आता डीजेच हवा, कुणी म्हणे हळद घरच्या घरी आटपली. लागण होते, असं पाठीमागे म्हणत. लागण होत नाही हे तिने घसा फोडून सांगितलं असतं, पण ऐकणार कोण? कोळणीचं ऐकायला डॉक्टर लागतो.

अशात उलव्याहून निरोप आला. परेशच्या मुलीचं, पूर्वीचं लग्न ठरलं होतं.

परेश म्हणजे सखूबाईचा मुलगा. सखूबाईच्या घरची मिठागरं गेली, जमिनीचा मोबदला आला, परेशने जासईला कंटेनरच्या गाड्या लावल्या आणि उलव्यात बंगला बांधला. चांगलं झालं, कुणाला पोटदुखी नाही. परेशला हळद गोदूबाईनेच लावली होती, आणि सखूबाई गेल्या साली डोळे मिटताना बोलून गेली होती, की पूर्वीची हळद पण गोदूच्याच हातची. म्हातारीचा शब्द म्हणून बोलावणं आलं.

गोदूबाई गेली. परेशच्या बायकोने, दिपिकाने, तिला सोफ्यावर बसवलं, पण आधी त्यावर एक चादर टाकली. चहा आला कागदाच्या कपात. दिपिका वाईट बाई नाही, उगाच कशाला म्हणा. पण माणूस वाईट नसलं तरी कप कागदाचाच असतो. ती गोड बोलून म्हणाली, की सासूबाईंचा शब्द आहे, हात बरे दिसले तर हळद तूच लाव. नाही बरे झाले तर तू फक्त गा, माईक लावून देतो, हळद माझी बहीण लावील. मुलाकडची माणसं पुण्याची आहेत, त्यांच्या मनात उगाच काही यायला नको. गोदूबाईने मान हलवली. हे लग्न शेवटची संधी आहे हे तिला कळत होतं. इथे पहिली हळद तिच्या हातून लागली, अख्ख्या तालुक्याने बघितली, तर परत बोलावणी सुरू होतील. आणि इथेच जर तिला माईकवर बसवलं, तर झालं, धवलारीण मेली म्हणून समजायचं.

निघताना पूर्वीने तिला आत खोलीत नेलं आणि दार लावलं. फोन काढला, एक फोटो दाखवला. कुणाच्या तरी पाठीचा. पाठभर तेच पापुद्रे, तोच लाल रंग.

"ही मी आहे, आजी," पूर्वी म्हणाली. "कॉलेजात होते तेव्हा."

गोदूबाईने फोटो बघितला, मग पोरीचे दंड बघितले. लोण्यासारखे स्वच्छ. पूर्वीने हळू आवाजात सगळं सांगितलं. मुंबईत एक मोठे डॉक्टर आहेत, फक्त याच दुखण्याचे, पप्पांच्या ओळखीने लगेच नंबर लागला, पेनसारखं इंजेक्शन असतं, आपलं आपण टोचायचं, दोन महिन्यांत अंग साफ. सासरी काही सांगितलेलं नाही, मम्मी नको म्हणते. गोदूबाईला पोरीची माया पण आली आणि आतून काहीतरी भडकून पण उठलं. एकच दुखणं. एकीच्या अंगावरून पुसून टाकलं आणि दुसरीला बाकड्यावर उन्हात बसवलं. दुखण्याला बिचाऱ्याला जात कळत नाही, औषधाला मात्र बरोबर कळते.

पूर्वीने खोलीतला छोटा फ्रीज उघडला. डॉक्टरांनी तिचं इंजेक्शन बदललं होतं, जुनी दोन उरली होती. ती तिने बर्फाच्या पिशवीत गुंडाळून गोदूबाईच्या हातात दिली. डॉक्टरला विचारल्याशिवाय टोचू नकोस म्हणाली, आणि तोवर थंड ठेव, उष्णता लागली की वाया जातं. खाली तिला सोडायला परेशचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. गोदूबाई ती पिशवी पदराखाली धरून गाडीत बसली आणि वाटेत तिने गावदेवीला नारळ बोलला.

देव पण तिच्या बाजूने झाल्यासारखा दिसला. सरकारी दवाखान्यात नवा तरुण डॉक्टर आला होता. त्याने ऐकून घेतलं, पूर्वीने फोनवर पाठवलेला औषधाच्या खोक्याचा फोटो बघितला, कपाळ चोळलं. खरं तर दुसऱ्याचं औषध मी देऊ नये, म्हणाला. पण तुमचे हात बघता हेच लिहून द्यावंसं वाटतं आणि इथे ते कधी मिळणार नाही. आधी छातीचा फोटो काढा, रक्त बाहेरून तपासून आणा, जुना क्षय वगैरे नाही ना बघू, पुढच्या खेपेला घेऊन या. दोन इंजेक्शनांनी लग्नापर्यंत फरक दिसेल, कायमचं नाही सांगत. गोदूबाईला कायमचं कुठे हवं होतं? तिला एक हळद हवी होती.

आता ती इंजेक्शनं सांभाळायची होती. घरात फ्रीज होता, पण खाडीच्या खाऱ्या हवेने त्याचं दार खाल्लेलं, दोरीने बांधून ठेवायला लागायचं, आणि वाड्यातली वीज तर मनाला येईल तेव्हा जायची. असल्या फ्रीजवर गोदूबाईने जन्मात भरवसा ठेवला नव्हता. उभा जन्म तिने थंडाव्यावरच काढला होता. लग्नाच्या ऑर्डरीचं पापलेट चार दिवस ताजं कसं ठेवायचं हे तिला झोपेत विचारा. तिने नवीन थर्माकोलचा खोका आणला. धर्मराजने बर्फ फोडून बारीक चुरा केला. खाली चुरा, वर चुरा, मध्ये प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली ती दोन पेनं. वरून तिने दोन मुठी खडं मीठ मारलं, कारण बर्फात मीठ पडलं की गारवा दुप्पट होतो हे कोळणीच्या पोरीला शिकवावं लागत नाही. रोज सकाळी पाणी काढायची, नवा बर्फ, नवं मीठ. आपल्या नातवंडांना कधी जपलं नसेल एवढं जपलं. धर्मराज एकदा म्हणाला पण, की एवढा गारवा कशाला? तिने त्याला गप्प बसवलं.

छातीचा फोटो स्वच्छ आला. रक्तही ठीक. डॉक्टरने हात पुढे केला आणि गोदूबाईने खोका उघडून, पुसून, पेन त्याच्या हातात ठेवलं. त्याने ते उजेडाकडे धरलं. आत पाण्यासारखं दिसायला हवं होतं, तिथे गढूळ, तुकडे तुकडे. दुसऱ्या पेनाची काच आतून तडकलेली होती. त्याने विचारलं, कशात ठेवलं होतं? तिने सांगितलं, अगदी अभिमानाने सांगितलं, मिठासकट.

"हे गोठलं, मावशी," तो म्हणाला. "हे नुसतं गार ठेवायचं असतं. एकदा गोठलं की त्यात औषध उरत नाही."

"परत पातल नाय होनार?" गोदूबाईने विचारलं. "मासली होते ती."

त्याने मान हलवली. चूक तुमची नाही, असं काहीतरी तो म्हणाला, आणि दोन्ही पेनं त्याने सुया टाकायच्या लाल डब्यात टाकली. गोदूबाई त्या डब्याकडे बघत राहिली. चूक तिची नव्हती तर कुणाची होती? ज्यांना ते औषध दारात मिळतं त्यांना ते कसं ठेवायचं हे सांगायला नर्सचा फोन येतो. गोदूबाईला फोन करायला कोण बसलंय! तिने आपलं होतं नव्हतं तेवढं शहाणपण लावलं, आणि त्या शहाणपणानेच ते मारलं. बाहेर येऊन ती पायरीवर बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडली. बाजारात कधी रडली नव्हती, ते सगळं तिथे रडली.

मग मान खाली घालून ती उलव्याला गेली. मागायला नाही गेली, देवाशपथ. पण गेल्यावर जीभ राहिली नाही, मीठ-बर्फाचं सगळं सांगून म्हणाली, अजून एखादं असेल तर बघ गं. पूर्वी घरी नव्हती, दिपिका होती. पोरीने आईला न विचारता औषध दिलं हे दिपिकाला तिथेच कळलं. ती आधी पांढरी पडली, कारण पोरीचं दुखणं घराबाहेर गेलं होतं. गोदूबाईने तिचा हात धरायला हात पुढे केला आणि परत घेतला. कुठे बोलनार नाय, पोरीचा संसार माज्या तोंडून नाय मोडनार, म्हणाली. तेव्हा कुठे दिपिकाच्या जिवात जीव आला. आणि जीव आल्यावर तिला हसू आलं.

"बर्फात ठेवलंस? मीठ घालून?" ती म्हणाली. "ते काय पापलेट हाय का गो?"

गोदूबाई पण जरा हसली. सवय होती ना हसायची.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी बंगल्यासमोर मांडव भरला. गोदूबाईला एका बाजूला खुर्ची, पुढे माईक. हात पदराखाली. दिपिकाच्या बहिणीने सोन्याच्या बांगड्या मागे सारून ताट घेतलं. गोदूबाईने गळा मोकळा केला आणि धवला उचलला, आणि गळ्याला काही झालेलं नव्हतं. गावदेवी आली, खाडी आली, गेलेली माणसं एकेक करून यायला लागली. म्हाताऱ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

आणि दिपिकाने ती गोष्ट बहिणीला सांगितलेली होती. नाव न घेता, पूर्वीचं काही न सांगता, नुसती गंमत म्हणून, की कुणीतरी गोदूला हातासाठी महागडं इंजेक्शन दिलं आणि बाईने ते मीठ लावून बर्फात घातलं. ती बहिणीकडून जावेला, जावेकडून करवल्यांना गेली होती. धवल्यात सखूबाईला हाक मारायची वेळ आली, तेव्हा माईकलगत उभी असलेली एक पोरगी शेजारणीला म्हणाली, "हिला विचार, हळद पण बर्फात ठेवू का?" माईक चालू होता. अख्ख्या मांडवाला ऐकू गेलं आणि मांडव फिदीफिदी हसला.

गोदूबाईने पूर्वीकडे बघितलं. पाटावर, पिवळ्या साडीत, उघड्या स्वच्छ दंडांची पोर. हिच्या तोंडचं एक वाक्य पुरे होतं. लागत नाही ते, मला पण तेच आहे, एवढंच. नाही तर निदान गप्प बसायचं. पूर्वीने आधी आईकडे बघितलं. मग पुण्याहून शकुन घेऊन आलेल्या नणंदांकडे बघितलं. त्या हसत होत्या. मग ती पण हसली.

सखूबाईचं नाव गोदूबाईच्या ओठांवर होतं. ते तिने घेतलं नाही. तिच्याही तोंडात एक वाक्य होतं, आणि माईक पुढ्यात होता. अख्खा मांडव क्षणात उलटा झाला असता. तिने माईक बंद केला, खुर्चीखाली ठेवला आणि चपला शोधून चालू लागली. अर्धा धवला टाकून उठू नये, लग्नघरावर संकट येतं, असं सासूने शिकवलं होतं. ती उठली. पाठीमागे कुणीतरी अडवायला येईल, निदान एखादी म्हातारी तरी येईल, असं तिला फाटकापर्यंत वाटत होतं.

मांडव जरासा थांबला. दिपिकाने डीजेवाल्याला हाताने खूण केली. गाणं सुरू झालं, करवल्या उठल्या, आणि दिपिकाच्या बहिणीने ताटात बोटं बुडवली. हळद मुहूर्तावर लागली.